लीबोविट्झ सामाजिक चिंता प्रश्नावली : बेरजेआधी दोन रकाने वाचा

सामाजिक चिंता, म्हणजे लोकांसमोर वावरताना वाटणारी तीव्र धास्ती, मोजण्यासाठी ज्या प्रश्नावल्या वापरल्या जातात, त्यांत मनोविकारतज्ज्ञ मायकेल लीबोविट्झ यांनी 1987 साली मांडलेली प्रश्नावली विशेष परिचित आहे. मुळात ती तज्ज्ञाने मुलाखत घेऊन भरायची होती. स्वतः भरण्याचे तिचे रूप पुढे रूढ झाले आणि हे परीक्षण त्या रूपाचे आहे. ज्याला समोरच्या माणसाचीच धास्ती वाटते, त्याला तोंडी उत्तरे देण्यापेक्षा कागदावर खरे लिहिणे सोपे जाते, त्यामुळे हा बदल मला मोलाचा वाटतो.

प्रश्नावलीत 24 प्रसंग असून प्रत्येकापुढे दोन रकाने आहेत : भीती किती वाटली आणि तो प्रसंग किती टाळला. दोन्हींना 0 ते 3 गुण द्यायचे असतात. तिची खरी ताकद या विभागणीत आहे. 'इतर लोक आधीच बसलेले असताना खोलीत शिरणे' या प्रसंगाला एकाने भीतीचे 3 आणि टाळण्याचे 0 गुण दिले, तर छातीत धडधडत असतानाही तो आत जातो, हे कळते. दुसऱ्याने भीतीला 1 आणि टाळण्याला 2 दिले, तर त्याची भीती कदाचित टाळाटाळीमुळेच कमी दिसत असेल. बेरीज मात्र दोघांचीही 3 येते. म्हणूनच 144 पैकी एकूण गुण पाहून निष्कर्ष काढण्याची घाई मला धोक्याची वाटते. 30 गुणांची प्रचलित मर्यादा ओलांडली, तर तज्ज्ञांना भेटावे, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. ते निदान नव्हे.

उणिवाही आहेत. उत्तरे गेल्या आठवड्यापुरती द्यायची असतात, पण घेतलेली वस्तू दुकानात परत करण्यासारखा प्रसंग दर आठवड्याला येत नाही. मग कल्पनेने गुण द्यावे लागतात आणि चिंताग्रस्त माणसाची कल्पना बहुधा वाईटाकडेच झुकते. चेहरा लाल होणे, घाम येणे, थरथरणे यांविषयी तर इथे वेगळे प्रश्नच नाहीत. ज्यांचा त्रास मुख्यतः शारीरिक लक्षणांचा आहे, त्यांनी 2000 साली प्रसिद्ध झालेली 17 प्रश्नांची 'स्पिन' प्रश्नावली भरावी.

समुपदेशकाकडे जाताना नुसता आकडा न सांगता भरलेला कागदच न्यावा, अशी माझी शिफारस आहे. उपचार सुरू झाल्यावर पुन्हा भरताना टाळण्याचा रकाना उतरला आणि भीतीचा तसाच राहिला, तरी ती प्रगतीच मानावी.