वसतिगृह की स्वाधार? पुण्यात दोन्हीकडे राहून पाहिल्यावर

पदवीच्या पहिल्या वर्षी समाजकल्याणच्या सरकारी वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर लागला नाही, म्हणून मी रूम करून स्वाधारवर राहिलो, म्हणजे बाहेर राहण्या-जेवणासाठी सरकार पैसे देतं त्या योजनेवर. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला, जागा मिळाली आणि शेवटपर्यंत वसतिगृहातच राहिलो. यंदा धाकट्या भावाला नागपूरला प्रवेश मिळालाय आणि आमच्या घरात हाच विषय चालू आहे. गावाकडच्या आणखी दोघा-तिघांनीही विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं खातं ही तयारी तुमची झाली असेल असं धरतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ला सुरू झाली ती मुळात वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी. त्यामुळे खरी निवड करायची वेळ येते ती दुसऱ्या वर्षी. रूम आहे, मित्र जमलेत, मेस ठरलीय. आता पुन्हा वसतिगृहाच्या अर्जामागे लागायचं का?

आकड्यांकडे पाहिलं तर स्वाधार मोठी वाटते. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. वसतिगृहात हातात पडतो तो फक्त निर्वाह भत्ता; माझ्या वेळी पुण्यासारख्या विभागाच्या ठिकाणी तो महिन्याला ८०० रुपये होता. पण तिथे राहणं आणि जेवण फुकट असतं. राहण्याचे २०,००० दहा महिन्यांवर वाटून बघा, महिन्याला २,००० येतात. तेवढ्यात कॉलेजजवळ कॉट, म्हणजे सामायिक खोलीतली एका माणसाची जागा, मला तरी सापडली नाही. मी दुप्पट भाडं देत होतो, तेही तिघांच्या खोलीत. तालुक्याच्या गावी शिकत असाल तर रक्कम कमी असते, पण भाडीही कमी असतात. तिथे हिशेब कदाचित बसेल.

राहण्याच्या सुखाबद्दल बोलायचं तर रूम सरसच होती, हे कबूल करतो. कॉलेज चालत दहा मिनिटांवर. रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवला तरी कुणी काही म्हणत नसे. वसतिगृहातून मला दोन बस बदलाव्या लागायच्या, सकाळच्या प्रॅक्टिकलला कायम धावपळ. जेवणाची वेळ चुकली की ताट चुकलं. माझ्या आईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग रूमवरच राहा की." तिचं चुकलं नव्हतं.

माझ्यासाठी निर्णय झाला तो एका कागदावरून. स्वाधारला भाड्याच्या खोलीत राहता याचा पुरावा लागतो, म्हणजे भाडेकरार. आणि कॉट बेसिसवर खोली देणारे घरमालक सहजासहजी करार करून देत नाहीत. माझ्या मालकांनी डिपॉझिट घेताना "देऊ की" म्हटलं होतं. नंतर महिनाभर मी रोज संध्याकाळी त्यांच्या दारात उभा. आधी ते म्हणाले, एजंट गावाला गेलाय. मग म्हणाले, तिघांच्या नावाने करार होत नाही. शेवटी म्हणाले, हवा असेल तर भाडं पाचशेनं वाढेल. मी वाढवून दिलं, दुसरा इलाज नव्हता. करार हातात आला, अर्ज पूर्ण झाला, तोपर्यंत पहिली सत्र परीक्षा आली होती. आणि अर्ज पूर्ण झाला म्हणजे पैसे आले असं नसतं. भाडं मात्र एक तारखेला द्यावं लागतं. ते महिने बाबांनी सोयाबीनच्या पैशांतून काढले. स्वाधारची रक्कम कितीही चांगली असली तरी आधी खर्च करायचा आणि मग मिळवायची, ही तिची रीत मला जड गेली. ज्याच्या घरी चार-पाच महिन्यांचा खर्च उचलायची सोय आहे त्याला हे जाणवणार नाही. आमच्याकडे जाणवलं.

खोली शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा यायचा. वसतिगृहात तो कुणी विचारत नाही. माझ्यासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

वसतिगृहाचं आणखी एक, जे मला आत गेल्यावरच कळलं: वरच्या वर्षातली मुलं. जात वैधतेच्या फाइलला कोणता जुना पुरावा जोडायचा, महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकला तर कुणाला भेटायचं, हे मला शेजारच्या खोलीतल्या एका दादानं पाच मिनिटांत सांगितलं. रूमवर असताना हेच शोधण्यात माझे दोन आठवडे गेले होते.

माझा अनुभव एका शहरातला आणि एकाच वसतिगृहातला आहे. तुमच्याकडचं वसतिगृह कॉलेजपासून फारच लांब असेल, किंवा मेडिकलसारखा रात्री-अपरात्रीचा अभ्यास असेल, तर रूमच बरी पडू शकते. आदिवासी मुलांसाठीची स्वयम आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत, त्यामुळे त्यांनीही हा हिशेब मांडून बघायला हरकत नाही.

भावाला मी वसतिगृहाचा अर्ज भरायला सांगितलाय, आणि यंदा नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा. तोवर रूम करावी लागलीच, तर डिपॉझिटचा एक रुपयाही देण्याआधी मालकाकडून कराराचा मसुदा मागून घ्यायचा. तो नाही म्हणाला तर त्याच दिवशी दुसरी खोली बघायची.