ऑनलाइन गेमिंगच्या घरासाठी नेटवर्क स्विच : पाच पर्यायांची तुलना

ऑनलाइन खेळणाऱ्याला घरात स्विच, म्हणजे एका नेटवर्क केबलवर अनेक उपकरणे जोडू देणारी पेटी, घ्यावासा वाटतो तो बहुधा दोन कारणांनी. राउटरमागचे चारही पोर्ट भरलेले असतात, किंवा खेळायची खोली राउटरपासून लांब असून तिथपर्यंत एकच केबल गेलेली असते आणि तिला तीन-चार उपकरणे जोडायची असतात. ही दोन्ही कारणे रास्त आहेत. तिसरे कारण म्हणजे ‘स्विच लावला की पिंग (खेळाच्या सर्व्हरकडे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) कमी होतो’ ही समजूत, आणि पैसे चुकीच्या जागी जातात ते बहुधा तिच्यामुळेच. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी तिचा हिशोब मांडतो.

स्विच आलेले पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गाठोडे, आधी पूर्ण उतरवून घेतो, ते कोणाचे आहे हे पाहतो आणि त्याच उपकरणाच्या पोर्टवर पुढे पाठवतो. पूर्ण आकाराचे, म्हणजे सुमारे दीड हजार बाइटचे पॅकेट १ गिगाबिटच्या पोर्टवर उतरायला साधारण १२ मायक्रोसेकंद लागतात, तर १०० मेगाबिटच्या पोर्टवर १२० मायक्रोसेकंद. खेळातली हालचाल वाहून नेणारी पॅकेट याहून बरीच लहान असल्याने त्यांना आणखी कमी वेळ पुरतो. पिंग मात्र मिलिसेकंदांत मोजला जातो आणि एका मिलिसेकंदात १,००० मायक्रोसेकंद असतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत १६ मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो. त्यामुळे स्वस्तातला स्विच काढून महागातला बसवल्याने पिंग ४० वरून ३० वर आला असे कोणी सांगितले, तर त्या दिवशी दुसरेही काहीतरी बदलले होते असे खुशाल समजावे. बहुधा तो वाय-फायवरून केबलवर आलेला असतो, आणि त्याने फरक खरोखरच पडतो, कारण वाय-फायवर सगळ्या उपकरणांना एकाच हवेत आळीपाळीने बोलावे लागते, तर केबलवर पाठवणे आणि घेणे एकाच वेळी, कोणाची वाट न पाहता चालते.

मग घरात कोणी व्हिडिओ अपलोड करू लागले की खेळ अडखळतो तो का? कारण रांग राउटरपाशी लागते. घराच्या आतली वाट १ गिगाबिटची आणि बाहेर जाणारी वाट तिच्या दहाव्या हिश्श्याची असेल, तर पॅकेट त्या अरुंद तोंडापाशी साचतात आणि खेळाचे इवलेसे पॅकेट त्या ढिगाच्या शेवटी उभे राहते. त्यावरचा उपाय राउटरमध्येच असतो. ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ या पद्धतीने रांग सांभाळणारा राउटर अशा वेळी जे करतो, ते कोणताही स्विच करू शकत नाही. हे एकदा पटले की पुढची निवड सोपी होते.

पहिला पर्याय आहे १०० मेगाबिटचा स्विच. निव्वळ खेळण्यापुरता पाहिला तर तो पुरेसा आहे, कारण चालू खेळाची देवघेव या वेगाच्या मानाने नगण्य असते. अडचण येते ती डाउनलोडला. १०० गिगाबाइटचा खेळ या वेगाने उतरवायला हिशोबाने सव्वादोन तास लागतात, आणि इंटरनेटची लाइन तेवढी वेगवान असेल तर तोच खेळ १ गिगाबिटवर १५ मिनिटांच्या आत उतरतो. हा पर्याय विचारपूर्वक कोणी घेत नाही, तो नकळत घरी येतो. टीपी-लिंकचे टीएल-एसएफ१००५डी आणि टीएल-एसजी१००५डी ही दोन नावे एका अक्षराने वेगळी आहेत, पण ‘एफ’वाला १०० मेगाबिटचा आणि ‘जी’वाला १ गिगाबिटचा आहे. डी-लिंकच्या डीईएस आणि डीजीएस या मालिकांतही तोच भेद आहे. खोक्यावर ‘१०/१००’ एवढेच छापलेले असेल तर तो स्विच घेऊ नये, ‘१०/१००/१०००’ असले पाहिजे.

दुसरा पर्याय म्हणजे साधा, अनमॅनेज्ड गिगाबिट स्विच. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ किंवा नेटगियरचा जीएस३०८ हे या जातीचे ठरावीक नमुने. यांत सेटिंग नाही, पासवर्ड नाही, पंखा नाही. वीज आणि केबल जोडली की काम सुरू होते आणि पुढे त्याची आठवणही राहत नाही. जाहिरातीत ‘१६ जीबीपीएस क्षमता’ असा आकडा दिसतो, त्याने भारून जायचे कारण नाही. आठ पोर्ट दोन्ही दिशांनी पूर्ण वेगाने चालले तर होणारी ती बेरीज आहे, त्यामुळे आठ पोर्टच्या जवळपास प्रत्येक गिगाबिट स्विचवर तो आकडा सारखाच असतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्ही कन्सोलचा पोर्ट १ गिगाबिटचाच असल्याने त्यांना याहून वेगवान स्विचचा काही उपयोग नाही. माझ्या मते दहापैकी आठ-नऊ घरांचा शोध इथेच संपायला हवा.

तिसरा पर्याय स्मार्ट स्विचचा. टीएल-एसजी१०८ई, जीएस३०८ई अशी नावे पाहिली तर साध्या नावाला फक्त एक ‘ई’ जोडलेला दिसतो. ब्राउझरमधून याची सेटिंग बदलता येतात. पोर्टला प्राधान्य देता येते, व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क, करून टीव्ही व कॅमेरे वेगळे ठेवता येतात, कोणत्या पोर्टवर किती पॅकेट बिघडली हे पाहता येते आणि कोणी एकाच केबलची दोन्ही टोके चुकून त्याच स्विचमध्ये खोचली तर सगळे घर ठप्प होऊ नये अशी सोयही बहुतेकांत असते. गेमिंगच्या दृष्टीने याचा खरा फायदा मात्र मर्यादित आहे. पोर्टचे प्राधान्य कामी येते ते रांग स्विचमध्येच लागत असेल तेव्हा. समजा, नॅसवरून, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फाइलींच्या साठ्यावरून, संगणकावर मोठी फाइल पूर्ण गिगाबिट वेगाने उतरते आहे आणि त्याच संगणकावर खेळही चालू आहे. तेव्हा संगणकाकडे जाणारा पोर्ट भरलेला असतो आणि खेळाचे पॅकेट पुढे काढण्याला अर्थ असतो. दुसरा प्रसंग फ्लो कंट्रोलचा आहे. अनेक टीव्हींचा केबलचा पोर्ट अजूनही १०० मेगाबिटचाच असतो. नॅस त्या टीव्हीला वेगाने मोठा चित्रपट पाठवू लागला की स्विच ‘जरा थांब’ असा इशारा देतो, आणि तो ज्या पोर्टला मिळतो त्या पोर्टवरून येणारी सगळीच वाहतूक क्षणभर थबकते. राउटरलाच नॅस जोडलेला असेल तर त्याच वाटेने येणारे खेळाचे पॅकेटही अडकते. स्मार्ट स्विचवर हा प्रकार बहुधा बंद करता येतो, साध्यावर नाही. घरात नॅस नसेल तर हे दोन्ही प्रसंग तुमच्या वाट्याला येण्याचा संभव फारच कमी.

चौथा, म्हणजे ‘गेमिंग’ असे बिरुद लावलेला स्विच. नेटगियरचा नाइटहॉक एस८००० हे याचे प्रसिद्ध उदाहरण. धातूचे देखणे कवच, दिवे चालू-बंद करायची सोय आणि खेळाच्या पोर्टला प्राधान्य देणारे तयार सेटिंग असे त्याचे रूप आहे. पण कवच बाजूला ठेवले तर उरतो तो आठ पोर्टचा स्मार्ट स्विचच, आणि तिसऱ्या पर्यायाच्या सगळ्या मर्यादा त्यालाही लागू आहेत. त्याच घराण्यातल्या एसएक्स१० चे थोडे वेगळे आहे, कारण त्याच्या दहा पोर्टांपैकी दोन १० गिगाबिटचे आहेत आणि नॅसवाल्याला ते वापरता येतात. टेबलावर चांगला दिसावा म्हणून असा स्विच घेण्यात गैर काही नाही. फक्त त्या पैशांत पिंग विकत मिळाला असे मानू नये.

पाचवा पर्याय २.५ गिगाबिटचा. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०५-एम२ किंवा क्यूनॅपचा क्यूएसडब्ल्यू-११०५-५टी हे पाच पोर्टचे, पंखा नसलेले नमुने आहेत. या वेगासाठी २०१६ साली आलेल्या मानकाचा मोठा गुण असा की जुनी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत हा वेग पेलते, म्हणजे भिंतीतल्या तारा उपसाव्या लागत नाहीत. तो घ्यायला दोन कारणे पुरेशी आहेत. इंटरनेटची लाइन १ गिगाबिटहून वेगवान असून राउटरलाही तसा पोर्ट आहे, किंवा नॅस आणि संगणक या दोघांनाही २.५ गिगाबिटचे पोर्ट आहेत. यांपैकी एकही लागू नसेल तर सगळी उपकरणे त्याच्यावर १ गिगाबिटनेच बोलत राहतील.

पाच पोर्ट की आठ, या प्रश्नावर मी नेहमी आठच्या बाजूने असतो. पाचांतला एक राउटरकडे जातो, उरतात चार, आणि ज्या अडचणीमुळे स्विच घेतला तीच वर्षभरात पुन्हा समोर येते.

कोणताही स्विच बदलण्याआधी केबल तपासावी, हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. आमच्याकडे कन्सोलचे डाउनलोड अचानक मंदावले तेव्हा मी आधी इंटरनेट पुरवणाऱ्यावर आणि मग स्विचवर खापर फोडले आणि नवा स्विच आणला. वेग तसाच राहिला. एके रात्री अंधारात पाहिले तर त्या एका पोर्टचा दिवा पिवळा होता, बाकीचे हिरवे. १०० मेगाबिटला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि एखादी जोडी तुटली तर बरेच स्विच कुरकुर न करता १०० वर उतरतात. केबल पलंगाच्या पायाखाली चेपली होती. ती बदलल्यावर दिवा हिरवा झाला, आणि जुना स्विच आता टीव्हीमागे बिनतक्रार चालू आहे.