रूट ५३ घ्यावं की घरचा बाइंड चालवावा? इंदूरच्या लहान कंपन्यांसाठी

सियागंजातला घाऊक व्यापारी असो की विजयनगरातली पंधरा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) पडला की वेबसाइट आणि ईमेल दोन्ही एकदम गेलं. इतक्या मोठ्या जोखमीच्या मानाने खर्च मात्र किरकोळ. ॲमेझॉनच्या रूट ५३ या भाड्याच्या डीएनएस सेवेत पहिल्या २५ झोनपर्यंत (झोन म्हणजे एका डोमेनच्या नोंदींचा संच) दर झोनला महिना अर्धा डॉलर, आणि दर दहा लाख क्वेरींना (पत्त्याच्या चौकशांना) ४० सेंट. दहा डोमेनचे पाच डॉलर आणि वर थोडे, कर वेगळा.

बाइंड हे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं डीएनएस सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला दोन सर्व्हर लागतात, तेही वेगवेगळ्या नेटवर्कवर. खरी मेख इथेच आहे. ऑफिसातल्या एकाच लीज्ड लाइनवर दोन मशीन ठेवून त्यांना एनएस१, एनएस२ (दोन नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनची उत्तरं देणारे सर्व्हर) म्हटलं, तरी रस्ता खोदताना फायबर तुटली की दोघंही गप्प. दुसरा सर्व्हर निदान मुंबईतल्या एखाद्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) हवाच. रूट ५३ दर झोनला चार नेमसर्व्हर देतं. कॉम, नेट, ऑर्ग आणि को.यूके अशी चौघांची शेवटं वेगळी.

बाइंडमध्ये घात करतात त्या चुका अगदी बारीक. एमएक्स रेकॉर्डमधला (मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदीतला) शेवटचा ठिपका राहिला की मेल.उदाहरण.कॉमचं मेल.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम होतं आणि मेल येईनासे होतात. रीलोडच्या आधी नेम्ड-चेकझोन ही तपासणीची आज्ञा चालवली तर हे तिथेच सापडतं. झोनचं सीरियल (आवृत्तीचा क्रमांक) वाढवायचं राहिलं, तर प्रायमरी (मूळ सर्व्हर) नवा पत्ता सांगतो आणि सेकंडरी (त्याची नक्कल ठेवणारा) जुनाच; मग काही ग्राहकांना साइट उघडते, काहींना नाही, आणि दोष शोधण्यात दिवस जातो. रिकर्जन (कुणाच्याही वतीने इतर डोमेनांचे पत्ते शोधून देणं) बंद ठेवा, नाहीतर तुमचा सर्व्हर दुसऱ्यांवरच्या हल्ल्यांत वापरला जाईल. पोर्ट ५३ (डीएनएसच्या चौकशा येण्याचं दार) यूडीपीबरोबर टीसीपीवरही उघडं हवं.

रूट ५३ही निर्दोष नाही. त्यात झोन ट्रान्सफर (एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नोंदी आपोआप नेणं) नाही, त्यामुळे घरचा बाइंड प्रायमरी आणि रूट ५३ सेकंडरी ही जोडी जमत नाही. साइट ॲमेझॉनबाहेर असेल तर मूळ डोमेनसाठी एलियासचा (आयपीऐवजी दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीचा) उपयोग होत नाही. आयपी पत्ताच द्यावा लागतो.

तरीही दहा-वीस डोमेनच्या कंपनीने रूट ५३च घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. होस्टिंग विकणाऱ्यांचं गणित निराळं. ५०० झोनचं भाडंच महिना ६० डॉलर होतं, आणि हाताशी जाणकार माणूस असेल तर तिथे दोन व्हीपीएसवरचा बाइंड परवडतो.

रूट ५३कडे जाताना घाई नको. आधी जुन्या झोनमधले टीटीएल (उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं ती मुदत) ३००वर आणा आणि जुना टीटीएल, बहुधा २४ तास, पूर्ण सरू द्या. मग झोन फाइल आयात करा. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांत मावत नाही. ती दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. प्रत्येक रेकॉर्ड नव्या नेमसर्व्हरला थेट डिग या आज्ञेने विचारून पडताळा. डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरची सही) चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा डीएस (त्या सहीची ओळख पटवणारी नोंद) आधी काढा आणि त्याचाही टीटीएल संपू द्या. तो तसाच राहिला तर बरेच रिझॉल्व्हर (ग्राहकांच्या वतीने पत्ता शोधणारे सर्व्हर) सर्वफेल ही चूक देतात. एनएस (नेमसर्व्हरची नोंद) त्यानंतरच बदला. कॉमकडे एनएसचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो, तेव्हा निदान तिसऱ्या दिवसापर्यंत जुना सर्व्हर चालूच राहू द्या.