दुकानात लिनक्स मिंट: आठ महिने, दोन लिप्या आणि काउंटरवरचा पाहुणा

बेळगावात शहापूर भागात माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर आहेत. त्यातल्या दोनांवर गेल्या नोव्हेंबरपासून, म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यापासून, लिनक्स मिंट चालतंय, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट प्रणाली. मध्ये अख्खा लग्नसराईचा हंगाम गेला, शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी गेली, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

कारण तत्त्वाचं नव्हतं, पैशाचं होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले. माझी दोन यंत्रं इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरची. विंडोज 11 ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे यंत्रं धडधाकट, पण कागदोपत्री निवृत्त. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ मिळवायची सोय होती, पण रीतसर मुदतवाढ मागायला आपण आधी रीतसर असावं लागतं. आमच्याकडची विंडोज दहा वर्षांपूर्वी एक पोरगा दोनशे रुपयांत 'घालून' गेला होता. डिझाइनचं सॉफ्टवेअरही त्याच पेन ड्राइव्हमधून आलेलं. ते बसवताना त्याने अँटिव्हायरस बंद केला होता आणि "हा पुन्हा चालू करू नका, नाहीतर क्रॅक उडेल" असं बजावलं होतं. मीही मान डोलावली. त्याच यंत्रावर मी अर्ध्या शहापुराची आधार कार्डं स्कॅन करत होतो, हे दोन विचार माझ्या डोक्यात दहा वर्षं शेजारी शेजारी राहिले आणि एकदाही एकमेकांशी बोलले नाहीत.

बसवणं सोपं गेलं, त्यावर जास्त लिहीत नाही. पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, तसं आठवडाभर बघितलं. मग दोन एसएसडी आणि थोडी रॅम, पाच हजारांच्या आत काम झालं. आवृत्ती 22.2, उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली, सुरक्षेचे अपडेट 2029 च्या एप्रिलपर्यंत. सकाळी शटर उघडून उदबत्ती लावेपर्यंत यंत्र तयार असतं. पूर्वी उदबत्ती अर्धी जळायची.

आता खरा विषय, टायपिंग. आमच्या धंद्यात मराठी आणि कन्नड दोन्ही रोज लागतात. पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. अर्ज कन्नडमध्ये, त्याला जोडायचं पत्र मराठीत. 2024 च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानांच्या फलकावर 60 टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, म्हणून बोर्डांची कामंही वाढली. माझी ऑपरेटर बैलहोंगलकडची. कन्नड ती डोळे मिटून टाइप करते, 'नुडी' या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या सवयीने. मराठी बोलते झकास, पण टाइप करायला तिला नको व्हायचं, कारण आमच्याकडे मराठी म्हणजे कृतिदेव हा जुना फॉन्ट, आणि त्याचा कळफलक जुन्या टाइपरायटरचा. पत्रिकेची कन्नड बाजू ती करायची, मराठी मी, आणि मी बँकेत गेलो की पत्रिका अर्धीच.

मिंटच्या कळफलकांच्या यादीत कन्नडसाठी 'कगप' नावाचा प्रकार सापडला. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडीवालेच. आणि थोडं खाली बघतो तर मराठीसाठीही कगप! म्हणजे कन्नड 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर मराठी 'क'. बोटांनी नवीन काही शिकायचं नाही, फक्त लिपी बदलायची. तिने पहिल्या दिवशी "आमचे येथे श्रीकृपेकरून" सलग टाइप केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकी वर्षं मी हे तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. खरं सांगतो, आठ महिन्यांत या एका गोष्टीने वाचवलेला वेळ बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे. आणि ही गोष्ट कुठल्याही जाहिरातीत नव्हती.

मी स्वतः इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर गेलो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळफलक बदलणं म्हणजे डाव्या हाताने जेवणं. पहिले तीन आठवडे मी ग्राहकासमोर टाइप करणं टाळत होतो. 'वऱ्हाडी' मधला र सापडेना, चक्क 'वर्हाडी' छापून ठेवलं आणि स्वतःच फाडलं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग ह, हे कळल्यावर गाडी सुरळीत झाली. दुसरी गंमत 'ल' आणि 'श' ची. युनिकोड म्हणजे अक्षरांची सगळीकडे चालणारी एकच संकेतपद्धत. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत मूळ घडण हिंदीची असते. आमच्याकडचा जुना माणूस पत्रिका हातात घेऊन "हे हिंदीसारखं का दिसतंय?" एवढंच म्हणतो, काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही. ज्या फॉन्टात दोन्ही घडणी असतात, त्यात लिबरऑफिस या वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ल आणि श आपोआप आपले होतात. हे कळायला मला दोन महिने लागले, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता दुखणं. पंधरा-सोळा वर्षांच्या पत्रिका, अभंगांच्या वह्या, यात्रेची पत्रकं, सगळं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत. लिबरऑफिस ड्रॉ त्या फाइली उघडतं, हे ऐकूनच मी अर्धा खूश झालो होतो. उघडल्याही. पण कृतिदेवमध्ये मजकूर खरा देवनागरीत नसतोच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. फॉन्ट नसला की 'विवाह' च्या जागी एफ, ओ, ओ, के, जी. फॉन्टची फाइल आणून टाकली की चेहरा परत येतो, छपाई होते. पण तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर पाठवायचा म्हटलं की पुन्हा एफ-ओ-ओ-के-जी. आणि हल्ली प्रत्येकाला पत्रिका छापून हवी आणि मजकूर व्हॉट्सॲपवरही हवा.

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने रविवारी बसून पायथनमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम लिहिला. शंभरेक ओळी, या अक्षराला ते अक्षर अशी जंत्री. "काका, झालं," म्हणाला. पण जुन्या फॉन्टात वेलांटी आणि रफार दिसतात तशा क्रमाने बसवतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. पहिल्या वेलांटीचं त्याच्या लगेच लक्षात आलं, कारण सगळीकडे 'िववाह' दिसायला लागलं. रफार मात्र निसटला. एका जुन्या पत्रिकेचा साचा बदलून घेतला, नावं-तारखा नव्या टाकल्या, मी वरवर वाचून छापायला दिली. दोनशे पत्रिका. त्यावर खाली, ठळक अक्षरांत: 'आपले शुभाशीवार्द हीच भेट'. आणि वर 'मंगलकायर्'.

नवरीच्या मामांनी पकडलं. ते निवृत्त गुरुजी निघाले, माझं नशीब. दोनशे पत्रिका मी पदरच्या पैशांनी पुन्हा छापल्या. पुतण्याने रफार एक अक्षर मागे सरकवून प्रोग्रॅम दुरुस्त केला. मग कळलं, मध्ये काना असला तर दोन जागा मागे जावं लागतं, मग पुन्हा दुरुस्त केला. आता बरोबर चालतो. तरी बदललेलं प्रत्येक पान ऑपरेटर मोठ्याने वाचते आणि मी ऐकतो. यात मिंटचा काही दोष नाही. चूक तेव्हाची, जेव्हा मी युनिकोड आल्यावरही "चाललंय ना" म्हणत बसलो. ते कर्ज व्याजासकट फेडतोय इतकंच.

रंगीत पत्रिकेचं काम इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे खाली लोंबणारी जोडाक्षरं, नीट बसतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड कन्नड टाकलं की ती सुटी पडायची. छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांतली फाइल लागते, ती स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधून काढतो. स्क्रायबस अजून अंगवळणी पडलेलं नाही, सासुरवाडीत वागल्यासारखं जपून वागतो. फ्लेक्सवाल्याला मात्र सीडीआरच, म्हणजे कोरलड्रॉची फाइल हवी, त्यासाठी तिसरं यंत्र विंडोजवर ठेवलंय. ते नेटला जोडलेलं नाही. त्यावर कुणाचंही कागदपत्र जात नाही.

छपाईचं: टाकीवाला रंगीत प्रिंटर लगेच चालला. जवळपास प्रत्येक झेरॉक्स दुकानात दिसतो तो एका मोठ्या कंपनीचा छोटा लेसर मात्र चार रात्री जागवून गेला, आणि चालला तरी पन्नासाव्या पानाला अडायचा. शेवटी तो तिसऱ्या यंत्राला दिला. माझ्या अंगठ्याच्या स्कॅनरची सेवा लिनक्सवर मला मिळालीच नाही. तो केबलने अँड्रॉइड फोनला जोडला, तिथे निमूट चालतो. तुमचं दुकान अंगठ्यावर चालत असेल तर आधी हे तपासा, मग पुढचं.

आता काउंटरचं यंत्र. मी नुसता वेग बघून मिंट घेतलं होतं, ही गोष्ट मागितलेलीच नव्हती. लॉगिनच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट सेशन' ची एक खूण आहे. ती केली की पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत जाता येतं, आणि बाहेर पडताच त्या पाहुण्याने उतरवलेल्या फाइली, ब्राउझरमधली लॉगिनं, उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप वेब, सगळं पुसलं जातं. ग्राहक येतो, आपला मेल उघडतो, आधार उतरवतो, प्रिंट घेतो, मी लॉगआउट दाबतो. संपलं. पाहुणा सत्रात मराठी-कन्नड कळफलक दर वेळी गायब व्हायचे, पुतण्याने एक साचा फोल्डर बनवून ते कायमचे बसवले.

ही सोय किती लागत होती ते जुनं 'डाउनलोड्स' उघडल्यावर कळलं. ई-आधारच्या हजारो पीडीएफ. त्यांना पासवर्ड असतो म्हणाल, तर तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव फाइलीला मीच दिलेलं, जन्मसाल शेजारच्या दाखल्यात. म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगलेली. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू विभागीय कार्यालयाने लोकांना सांगितलं होतं की सायबर कॅफेत ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती पुसा. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. तेव्हा मी हसलो होतो, "आमचा धंदा बसवणार हे". सल्ला मात्र माझ्याच दुकानाबद्दल होता.

लोकांना हे आवडलं का? अजिबात नाही. खानापूरकडचे एक काका दर सहा महिन्यांनी येतात.

"आधारची एक प्रत काढ रे."

"आणलंय काय काका?"

"तुझ्याकडं हाय की. गेल्या साली काढलेलंस. त्यातनंच काढ."

"आता ठेवत नाही मी कुणाचं."

"का? कॉम्प्युटर बिघडला?"

काय सांगणार. त्यांच्या दृष्टीने माझं दुकान म्हणजे त्यांचं कपाट, आणि मी न विचारता ते रिकामं केलं. नव्याने उतरवायचं तर ओटीपी गोव्यात कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर. मुलगा शिफ्टवर. काका माझ्या बाकावर दीड तास बसून होते, मी दोनदा चहा मागवला. शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढून देत जा, असं मला कुणीतरी सुचवलं. दिलं. एका कार्यालयाने ते परत पाठवलं, "पूर्ण नंबरवालं आणा". ग्राहक भडकला तो माझ्यावर. आता मी दोन्ही प्रती देतो आणि म्हणतो, आधी ही दाखवा.

दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर लोक कागदपत्रं पाठवतातच, ते थांबवणं माझ्या हातात नाही. तिथे संदेश 24 तासांत जाणारे केले आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरणं बंद केलं. एकदा अर्ज जवळपास भरून झालेला, पोचपावती पाहुणा सत्रात उतरवलेली, आणि लाईट गेली. युपीएसची बॅटरी मीच दोन वर्षं बदलली नव्हती. पोचपावती गेली. वेबसाइटवरून परत मिळाली, पण त्या दहा मिनिटांत त्या मुलीच्या वडिलांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. नवी बॅटरी दुसऱ्याच दिवशी आली.

दुसऱ्या दुकानदारांना मी हे सुचवेन का? ज्याचं काम ब्राउझर, पीडीएफ, पत्रं यावर चालतं त्याने उद्याच करावं. ज्याचा प्रिंटर जुना आणि हट्टी आहे त्याने आधी पेन ड्राइव्हवरून एक प्रत काढून बघावी. जो कृतिदेवमध्ये अडकलाय त्याने लग्नसराई संपल्यावर करावं, आधी नको, माझ्याकडे दोनशे पुरावे आहेत.

जुन्या दोन हार्ड डिस्कपैकी एक पूर्ण पुसून झाली, रात्रभर लागली. दुसरीत पत्रिकांच्या फाइली आणि लोकांची कागदपत्रं एकाच फोल्डरांत मिसळलेली आहेत, 'नवीन', 'नवीन 2', 'नवीन फायनल'. बायको म्हणते भंगारात द्या, जागा अडतेय. रोज दुकान बंद केल्यावर अर्धा तास बसून निवडतो. 2017 पर्यंत पोचलोय.