स्वतःची डिश, खुलं भांडार की क्लाउड: उपग्रह-प्रतिमा कुठून घ्याव्यात?

वणवे, पूर, पिकं, शहरांची वाढ, काम कुठलंही असो, उपग्रह-प्रतिमा नियमित लागणार असतील तर बहुतेक जण आधी रिझोल्यूशन (चित्रातला एक चौकोन जमिनीवर किती मीटरचा) विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: वापरकर्त्याच्या हाती पडेपर्यंत प्रतिमा किती शिळी झालेली चालेल? काही मिनिटं, काही तास की दोन-चार दिवस? उत्तर आलं की वाट जवळजवळ ठरते. स्वतःची अँटेना उभारायची, अंतराळ संस्थांच्या भांडारातून तयार प्रतिमा उतरवून घ्यायच्या, किंवा काहीच न उतरवता डेटा आहे तिथेच क्लाउडवर काम उरकायचं.

अँटेनाची भुरळ भारी असते, म्हणून आधी तिच्याबद्दल. टेरा, अ‍ॅक्वा, सुओमी एनपीपी, नोआ-२० यांसारखे अमेरिकी उपग्रह जे टिपतात ते त्याच क्षणी खाली प्रसारितही करतात. उपग्रहाचा माग काढत फिरणारी अडीच-तीन मीटरची एक्स-बँड (रेडिओ लहरींचा एक पट्टा) डिश असली की ते कुणालाही पकडता येतं. उपग्रह क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत फार तर दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यात आलेला कच्चा प्रवाह विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सीएसपीपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून काढला की अर्ध्या-पाऊण तासात वणव्याचे ठिपके नकाशावर येऊ शकतात.

आता दुसरी बाजू. नासाची फर्म्स सेवा जगभरातले हेच ठिपके साधारण तीन तासांत देते, आणि फुकट देते. म्हणजे डिश, तिच्या मोटारी, विजेपासून संरक्षण, रात्री-अपरात्री बिघाड बघणारा माणूस, हा सगळा खटाटोप त्या दोन-अडीच तासांसाठी. अग्निशमनाची माणसं लगेच हलवायची असतील तर ते दोन तास लाखमोलाचे. आठवड्याचा अहवाल लिहायचा असेल तर डिशचा विचार सोडून द्या.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. या डिशवर येणारं चित्र जाडंभरडं असतं: सुओमी एनपीपी आणि नोआ-२० वरच्या व्हीआयआयआरएस उपकरणाचं ३७५ आणि ७५० मीटर, टेरा-अ‍ॅक्वावरच्या मोडिसचं २५० मीटर ते १ किलोमीटर. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचं ३० मीटरचं किंवा युरोपच्या सेंटिनेल-२ चं १० मीटरचं चित्र तुमच्या गच्चीवर उतरत नाही. ते त्या संस्थांच्या किंवा करार केलेल्या केंद्रांवरच उतरतं. शिवाय जागेचाही प्रश्न आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरून ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहाची प्रत्येक फेरी दिसते, विषुववृत्ताकडे दिवसाला मोजक्याच. भाड्याची भूकेंद्रंही मिळतात, पण ती मुख्यतः स्वतःचा उपग्रह असणाऱ्यांच्या कामाची. इंटरनेट बेभरवशाचं असेल आणि हवामानाच्याच प्रतिमा हव्या असतील तर युमेटकास्टसारखी सेवा पाहावी. ती तयार डेटा दूरसंचार उपग्रहावरून पुन्हा पाठवते आणि टीव्हीसारखी स्थिर डिश पुरते.

खुल्या भांडाराची गोष्ट साधी दिसते. लँडसॅटचा साठा २००८ पासून मोफत आहे, सेंटिनेल-२ च्या प्रतिमा २०१५ पासूनच्या मिळतात. दोन सेंटिनेल मिळून विषुववृत्तावरही पाच दिवसांत परत येतात. ढगांनी घात केला तर पुढच्या फेरीची वाट पाहा. एक टाइल (प्रतिमेचा ठरावीक चौकोनी तुकडा) ११० किलोमीटर लांब-रुंद, फाइल एक जीबीच्या आसपास. वातावरणाचा परिणाम काढलेली लेव्हल-२ए घेतली की अर्धं काम झालेलं असतं.

उरलेल्या अर्ध्यात मात्र नीट लक्ष हवं. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रतिमेतल्या परावर्तित प्रकाशाच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. वापरण्याआधी ते वजा करून मग १०००० ने भागायचं. हे राहिलं तर काय होतं पाहा. हिरव्यागार शेतात निअर-इन्फ्रारेडचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचं) खरं मूल्य ३००० आणि लाल बँडचं ५०० असेल, तर एनडीव्हीआय (हिरवाई मोजणारा निर्देशांक: दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज) ०.७१ येतो. वजाबाकी विसरलात तर आकडे ४००० आणि १५००, आणि एनडीव्हीआय ०.४५. पीक जागच्या जागी, पण तक्त्यात दुष्काळ! जुन्या प्रतिमांवर पुन्हा प्रक्रिया झाली आहे, त्यांतही हे १००० असतात, म्हणून तारखेवर विसंबू नका. मेटाडेटातली (प्रतिमेसोबत येणाऱ्या माहितीतली) प्रक्रियेची आवृत्ती वाचा. भांडाराचा पत्ताही कायमचा नसतो. सेंटिनेल ज्यात येतात त्या युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं जुनं ओपन अ‍ॅक्सेस हब २०२३ मध्ये बंद होऊन डेटा स्पेस आलं, तेव्हा त्यावर बेतलेल्या डाउनलोडच्या स्क्रिप्ट नव्याने लिहाव्या लागल्या.

क्लाउडवर ही डोकेदुखी बरीच कमी होते. गूगल अर्थ इंजिन या क्लाउड-सेवेत सेंटिनेल-२ चा ‘हार्मोनाइज्ड’ संच घेतला की ते १००० आधीच काढलेले असतात. दहा वर्षांची मालिका तपासायची असेल तर शेकडो जीबी उतरवत बसण्यात अर्थ नाही. इथे क्लाउडला तोड नाही. पण अटी वाचा. अर्थ इंजिन बिगर-व्यावसायिक कामाला मोफत आहे, तेही मर्यादेत; व्यवसायाला पैसे पडतात. त्यात लिहिलेला कोड दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या प्लॅनेटरी कॉम्प्युटरचं संगणनासाठीचं हब २०२४ मध्ये बंद झालं, डेटा-कॅटलॉग तेवढा राहिला. म्हणून माझी पसंती मधल्या वाटेला: एसटीएसी (प्रतिमांची सूची मांडायची खुली, सामायिक पद्धत) कॅटलॉगमधून शोधायचं, क्लाउड-ऑप्टिमाइज्ड जिओटिफमधून (पूर्ण न उतरवता वाचता येणाऱ्या प्रतिमा-फाइलमधून) हवा तेवढाच तुकडा वाचायचा, आणि पायथनचा कोड आपल्याकडे ठेवायचा.

प्रतिमा वापरकर्त्यापर्यंत पोचवण्याचं काम कुठल्याही वाटेने सारखंच. कार्यक्षेत्रातल्या माणसाला जिओटिफ नको असते. त्याला फोनवर उघडणारी नकाशाची लेयर हवी. तिच्यावर प्रतिमा घेतल्याची तारीख-वेळ ठळक असावी, प्रकाशित केल्याची नव्हे, आणि ढगाखालचा भाग रिकामा ठेवावा, अंदाजाने भरू नये.

साठवणुकीवर खर्च करण्याआधी एवढं पाहा: भांडारातून घेतलेल्या मूळ फाइली जपायची सहसा गरज नाही, दृश्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची आवृत्ती नोंदवली की पुरे. डिशवाल्यांनीही काही आठवड्यांनी कच्चा डेटा पुसायला हरकत नाही. टेरा-अ‍ॅक्वाचं तेच दृश्य तोवर नासाच्या भांडारात आलेलं असतं, आणि कक्षेची नेमकी माहिती वापरून अधिक नीट बसवलेलं असतं.