रणगाडा पाचचा की सहाचा: सोंगट्या विकताना माझे 16,320 रुपये कसे गेले

रविवार, 7 जुलै 2024 रोजी संध्याकाळी सात ते पावणेआठ या वेळात माझ्या खात्यातून 16,320 रुपये गेले. क्यूआर कोड स्कॅन करायला लावून पैसे उकळण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होती, म्हणून ती पुन्हा समजावत बसत नाही. ठाऊक असूनही मी कसा अडकलो, हे मात्र पटावरच्या युद्धखेळांच्या जादा सोंगट्या विकणाऱ्या प्रत्येकाने वाचावे, कारण त्या माणसाने मला लोभात पकडले नाही, माझ्या छंदात पकडले.

‘अ‍ॅक्सिस अँड अ‍ॅलाइज 1942’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या पटावरच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे दोन संच माझ्याकडे होते. आदल्या पावसाळ्यात ठाण्याच्या आमच्या घरी भिंतीला ओल आली आणि एका संचाचा पट पार फुगला. सोंगट्या तेवढ्या शाबूत राहिल्या. खेळात ज्या सोंगटीची जी किंमत, तिला पाचने गुणून मी भाव लावला. पायदळाची किंमत 3, म्हणून 15 रुपये; रणगाडा व पाणबुडी 6, म्हणून प्रत्येकी 30; विनाशिका 8, म्हणून 40; लढाऊ विमान 10, म्हणून 50; युद्धनौका 20, म्हणून 100. 96 पायदळ, 34 रणगाडे, 28 विमाने, 10 पाणबुड्या, 12 विनाशिका आणि 8 युद्धनौका, असे मिळून 5,440 रुपये झाले. भाव कसा काढला, तेही मी जाहिरातीत लिहिले होते.

शनिवारी जाहिरात पाहून त्या माणसाचा फोन आला. स्वच्छ मराठी, नम्र आवाज. आपण लष्करात अधिकारी आहोत, हाताखालच्या मुलांना डावपेच शिकवण्यासाठी सोंगट्या हव्या आहेत, असे तो म्हणाला आणि ओळखपत्राचा फोटोही त्याने पाठवला. (ओळखपत्राचा फोटो न मागता आला, तर तिथेच फोन ठेवावा.) मग त्याने विचारले, “साहेब, हा खेळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का हो?” या एका प्रश्नावर मी अर्धा तास बोललो. सोंगट्या घेण्यासाठी खेळात मिळणारे सुरुवातीचे उत्पन्न मोजले तर दोस्त राष्ट्रांकडे 97 आणि अक्ष राष्ट्रांकडे 71, पण हा आकडा दिशाभूल करतो, कारण अमेरिकेचे 42 समुद्र ओलांडून रणांगणात उतरेपर्यंत कित्येक फेऱ्या जातात आणि तोवर जर्मनी व जपान रशियाला दोन्हीकडून आवळत आणतात; म्हणून आमच्या गटात दोस्त बाजूला आरंभी काही जादा सोंगट्या देतो, आणि त्या किती, हे बोलीने ठरवतो. जो सर्वांत कमी जादा सोंगट्या घेऊन ती बाजू खेळायला तयार होईल, त्याची ती बाजू. हे सारे त्याने ऐकून घेतले.

आणि मग तो क्षण आला, जो आठवला की आजही मला रात्री झोप लागत नाही. तो म्हणाला, “म्हणूनच मला रणगाडे जास्त हवेत साहेब, पाचमध्ये रणगाडा म्हणजे स्वस्तच की.” याच आवृत्तीवर आपण चार वर्षे खेळत आहोत, असे काही मिनिटांपूर्वी सांगणारा माणूस रणगाडा पाचचा म्हणत होता. पाचचा रणगाडा जुन्या आवृत्त्यांत होता. या आवृत्तीत तो सहाचा आहे, आणि माझ्या जाहिरातीतच तो आकडा त्याच्यासमोर होता. मला चूक दिसली, मी ती सुधारलीही. सहामध्ये दोन पायदळे येतात, बचावात ती दोन घाव झेलतात, त्यामुळे या एका अंकाने सगळा तोल बदलतो, हे मी त्याला हौसेने समजावले. पण हा माणूस कधी या पटावर बसलेलाच नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. खरा खेळाडू माझ्याशी वाद घालत बसला असता. हा म्हणाला, “बरोबर साहेब.” त्याने घासाघीस केली नाही. सोंगट्या कोणत्या देशांच्या आहेत, हेसुद्धा त्याने विचारले नाही, वास्तविक प्रत्येक देशाचा रंग वेगळा असतो आणि जर्मनीची पायदळे कमी पडणाऱ्याला जपानची पायदळे काहीच कामाची नसतात. तुमच्या गिऱ्हाइकाने रंग विचारला नाही, तर त्याला सोंगट्या नको आहेत, हे पक्के समजा.

रविवारी त्याने आधी एक रुपया पाठवला. तो माझ्या खात्यात जमा झाला, म्हणून माझा विश्वास बसला. यात मी फार मोठा मूर्खपणा केला, असे मला अजूनही वाटत नाही. मग कोड आला. स्कॅन केला, पिन टाकला आणि 5,440 रुपये वजा झाले. “चुकून उलटे झाले, मूळ रक्कम आणि परतावा एकत्र पाठवतो,” असे म्हणत त्याने 10,880 चा कोड पाठवला, आणि मी घाबरलेल्या अवस्थेत तोही स्कॅन केला. तिसरा कोड 21,760 चा होता. तेव्हा पत्नीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे वाक्य मी स्वतः आईला दहादा ऐकवले आहे.

यापुढचा संताप त्या चोरावरचा नाही. बँकेच्या ग्राहक सेवेने 23 मिनिटे ताटकळत ठेवले आणि सांगितले, “सर, पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळे हा व्यवहार अधिकृत आहे.” सोमवारी शाखेत गेलो, तर व्यवस्थापकाने रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक माझ्यापुढे धरले: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचाच. कळवल्यानंतर बँकेने काय हालचाल केली, याचे उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हते. पोलीस ठाण्यात दोन तास बसवल्यावर हवालदार म्हणाले, “अहो, खेळण्यांसाठी एवढं?” आणि अर्जावर ‘प्लॅस्टिकची खेळणी’ असे लिहिले. मग सांगितले की बँकेची शाखा ज्या हद्दीत येते तिथे जा. तिथल्यांनी सांगितले की राहता तिथे जा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती घेतलीच पाहिजे, असे सांगणारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 अवघ्या आठवड्यापूर्वी, 1 जुलैला लागू झाले होते. ते मी मोबाइलवर उघडून दाखवले, तेव्हा “कायदा आम्हाला शिकवू नका” हे उत्तर मिळाले. तीन फेऱ्या झाल्या, तीन दिवसांची रजा गेली, रिक्षाचे 640 रुपये गेले. चोर निदान माझ्याशी आदराने बोलला होता, या माणसांनी तेवढेही केले नाही.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 या सरकारी क्रमांकावर मी दुसऱ्या दिवशी फोन केला, आणि माझी खरी चूक तीच. पैसे गेले त्याच मिनिटाला हा फोन करायचा असतो, बँकेशी वाद घालण्याच्या आधी, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून काढून घेतली जाण्यापूर्वीच ती गोठवता येते. माझ्या बाबतीत एका खात्यात 1,250 रुपये अडकले, आणि ते सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल, असे मला तेव्हा सांगितले. व्यवहाराचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. संभाषण रागाच्या भरात पुसून टाकू नका, मी अर्धे पुसले.

सोंगट्या अजून सहा पिशव्यांत, रंगवार लावून, कपाटात आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी आमच्या रविवारच्या खेळाला यावे, मोजून घ्याव्यात आणि रोख द्यावे. रणगाडा 30 रुपयांनाच मिळेल.