कॅम्परव्हॅनमधील डीसी-टू-डीसी चार्जर: नऊ महिन्यांचा वापर आणि हरवलेला पाऊण व्होल्ट

गेल्या ऑक्टोबरात जळगावला जुनी व्हॅन मुक्कामाजोगी करून घेतली, तेव्हा मागच्या पलंगाखाली १०० अँपिअर-अवरची सीलबंद एजीएम बॅटरी (शिसे-आम्लाचीच, पण आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली) आणि गाडी चालताना ती भरण्यासाठी ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, एक पंखा, दिवे आणि मोबाइल एवढाच भार त्या बॅटरीवर आहे. चार्जरच्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेला घोळ कोणत्याही कंपनीच्या चार्जरबाबत झाला असता.

असा चार्जर घेण्याचे कारण गाडी बीएस-६ आहे. तिचा अल्टरनेटर (आपल्याकडे त्याला अजूनही डायनामोच म्हणतात) सुरुवातीला १४.३ व्होल्ट देतो, पण पुढची मुख्य बॅटरी भरली की गाडीचा संगणक तो १३.१ पर्यंत उतरवतो. साधा रिले (एंजिन चालू होताच आपोआप जोडणारा स्विच) लावून दोन्ही बॅटऱ्या जोडल्या असत्या, तर एजीएमला लागणारे १४.४ व्होल्ट तिला क्वचितच मिळाले असते. चार्जर अल्टरनेटरकडून येणारा कमी-अधिक व्होल्टेज उचलून बॅटरीला ठरलेला व्होल्टेज देतो, आणि हे काम त्याने पहिल्या दिवसापासून चोख केले. तरीही पहिले तीन महिने बॅटरी उपाशीच राहिली.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडला, तेव्हा थंडीत एंजिन कमी चालले असेल असे मानून मी सोडून दिले. जानेवारीत तोरणमाळला मात्र ही सबब उरली नाही. पाच-सहा तास गाडी चालवून यशवंत तलावाजवळ पोहोचलो, तेव्हा चार्जरचे मोबाइलवरील ॲप बॅटरी भरून चार्जर फ्लोटवर (भरलेली बॅटरी कमी व्होल्टेजवर नुसती टिकवण्याच्या टप्प्यावर) गेल्याचे दाखवत होते. फ्रिज रात्रभरात जास्तीत जास्त २५ अँपिअर-अवर खातो, म्हणजे सकाळी बॅटरी सुमारे पाऊण भरलेली असायला हवी होती. प्रत्यक्षात सगळा भार काढून, तासभर थांबून मल्टिमीटर लावला तर १२.१ व्होल्ट दिसले, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. परत आल्यावर दुकानदाराने ॲपमधील १४.४ चा आकडा पाहिला आणि निकाल दिला, "भाऊ, चार्जर बरोबर देतोय, बॅटरीच बसली आहे, बदलून टाका."

बदलण्यापूर्वी सावद्याला केळीचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका वायरमन आबांना गाडी दाखवली, हे बरे झाले. त्यांनी ॲप पाहिलेच नाही. एंजिन सुरू ठेवून, फ्रिज लावून, चार्जर २८ अँपिअर देत असताना त्यांनी मल्टिमीटरची एक सळई चार्जरच्या प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर टेकवली. एकाच वायरची ही दोन टोके, तिथे शून्याच्या आसपास आकडा यावा असे मला वाटत होते, आला ०.४१ व्होल्ट. मग चार्जरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तेच केले, तिथे ०.३१. म्हणजे चार्जरमधून १४.४० निघत होते आणि बॅटरीच्या पोलवर १३.६८ पोहोचत होते. "आता इथे हात लावा," असे म्हणून त्यांनी मागच्या चासीवरचा, मायनस गाडीच्या सांगाड्याला जोडणारा अर्थिंगचा बोल्ट दाखवला. तो चांगलाच गरम होता. थिंबल (वायरच्या टोकाचे धातूचे कडे) रंगावरच कसले होते, आणि त्या एका सांध्यात जवळपास नऊ वॅट नुसते तापण्यात जात होते. (०.३१ गुणिले २८ हा गुणाकार मी नंतर कागदावर केला, आबांना बोट पुरेसे होते.)

बसवणाऱ्याने चार्जर चालकाच्या सीटखाली ठेवून तिथून साडेचार मीटर ६ चौरस मिलिमीटरची वायर मागे नेली होती. वायर जळणार नाही एवढाच विचार त्यामागे होता, व्होल्टेज किती गळेल याचा नव्हता. परिणाम असा की चार्जरला स्वतःच्या टोकाशी १४.४ दिसताच तो बॅटरी भरत आली असे समजून प्रवाह कमी करू लागे. माझा चार्जर पहिला टप्पा (पूर्ण प्रवाहाने भरणे) जितका लवकर संपेल तितका दुसरा टप्पाही (१४.४ धरून ठेवून उरलेले भरणे) आखूड ठेवतो, त्यामुळे बॅटरी अर्धवट असतानाच तो फ्लोटवर जाई. अशा अर्धपोटी एजीएमच्या प्लेटांवर सल्फेट धरते, आणि मग ती खरोखरच बसते.

आबांच्या सांगण्यावरून चार्जर मागे, बॅटरीपासून दोन फुटांवर आणला, पुढून मागे प्लस आणि मायनस दोन्ही १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने ओढले आणि थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घेतले. पोलवर आता १४.३४ मिळतात. मात्र एक नवीनच खोड निघाली: गाडी महामार्गावर असताना चार्जर दर काही सेकंदांनी बंद-चालू होऊ लागला. तो एंजिन चालू आहे की नाही हे आत येणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखत होता. भार घेतला की लांब केबलमुळे हा व्होल्टेज १२.७ वर घसरे, चार्जर बंद पडे, व्होल्टेज वर येई आणि पुन्हा तेच. इग्निशनची वेगळी बारीक वायर जोडून ती ओळख बदलल्यावर हे थांबले.

उन्हाळ्याची तक्रार मात्र चार्जरचीच आहे. त्याला बॅटरीचे तापमान मोजणारा सेन्सर नाही. मे महिन्यात भुसावळजवळ पलंगाखाली थर्मामीटर चिकटवून ठेवला तर ४३ अंश दिसले. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा चार्जिंग व्होल्टेज २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे २० ते २४ मिलीव्होल्टने उतरवावा लागतो, म्हणजे इथे साधारण ०.४ व्होल्ट. सीलबंद बॅटरीत उडालेले पाणी परत घालता येत नाही, म्हणून एप्रिल ते जून मी ॲपमध्ये चार्जिंग १४.० आणि फ्लोट १३.२ असे हाताने ठेवले. शिवाय त्या उकाड्यात चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी ३० ऐवजी २२ अँपिअरच देत होता. पलंगाच्या फळीला जाळी बसवल्यावर तो २६ पर्यंत आला.

बॅटरी तीच जुनी आहे. गेल्या आठवड्यात पाटणादेवीला रात्रभर फ्रिज चालल्यावर सकाळी, भार काढून, १२.५ व्होल्ट होते. सेन्सर असलेला चार्जर थोडा महाग मिळतो, आणि आपल्या भागासाठी आज मी तोच घेतला असता.